रोज एक छोटं चित्र: सवय टिकवायची तर कुठल्या क्रमाने काय करायचं

"रोज एक चित्र काढायचं" असं ठरवणारे बहुतेक लोक चित्र काढताना अडकत नाहीत, त्याच्या आधीच अडकतात. पहिल्या आठवड्यात उत्साह इतका की दिवसाला दोन-दोन होतात. मग एखाद्या बुधवारी कामावरून दमून घरी आल्यावर कागद शोधा, तो कापा, टेप कुठे गेली बघा, विषय काय घ्यायचा म्हणून मोबाइल उघडा, त्यात पाऊण तास गेला की "जाऊ दे, उद्या बघू". असे तीन उद्या झाले की संपलं. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त भाग तयारीवर आहे, आणि तयारी सोडून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका, सगळे नेमकं तेच करतात.

मी इथे जलरंग धरून सांगतेय, कारण पटकन वाळतात, वास नाही, सगळं सामान एका डब्यात मावतं. पोस्टर कलर चालतील, फरक जिथे आहे तिथे सांगेन. तैलरंग रोजच्यासाठी नको, वाळायला कित्येक दिवस लागतात आणि टर्पेंटाइनच्या वासाने घरातले वैतागतात ते वेगळंच.

टप्पा १: कागद लहान, रंग सहा, ब्रश दोन

कागद पोस्टकार्डाएवढा. ए४ आकाराचा कागद दोनदा निम्मा केला की चार तुकडे होतात, प्रत्येक साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटर. यापेक्षा मोठा घेतला तर नुसतं बॅकग्राउंड भरण्यातच वेळ जातो, आणि अगदी काडेपेटीएवढा घेतला तर हात आखडतो, माणूस डोळे बारीक करून रेघा कोरत बसतो. पोस्टकार्ड बरोबर. वाया गेला तरी जीव जळत नाही हा मोठा फायदा.

जाडी ३०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम) बघून घ्या, कोल्ड प्रेस (जरा खरखरीत पोताचा) लिहिलेला. शाळेतल्या ड्रॉइंग बुकाचा कागद पाणी पडलं की पापडासारखा फुगतो आणि मग रंग खोलगट भागात जाऊन साचतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, जमत नाही. शंभर टक्के कॉटनचा कागद सुंदरच असतो पण रोजसाठी महाग, आणि महाग कागदावर हात घाबरून चालतो हे मी शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात बघते. साधा सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, ३०० जीएसएम पुरे. फक्त त्यावर एकाच जागी ब्रश घासत बसू नका, कागदाच्या गोळ्या निघायला लागतात.

रंग हे सहा: लेमन यलो, यलो ओकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू. बास. काळा नको, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा, पाणी कमी ठेवलं तर जवळजवळ काळा मिळतो, पाणी वाढवलं की राखाडी, निळा जास्त टाकला तर थंड राखाडी आणि सिएना जास्त टाकला तर उबदार. सगळ्या सावल्या या जोडीतूनच निघतात. लेमन यलो आणि प्रशियन मिळून कोवळ्या पानाचा झगझगीत हिरवा, ओकर आणि अल्ट्रामरीन मिळून धुळीने माखलेल्या पानाचा हिरवा. क्रिमसन आणि अल्ट्रामरीनमधून वांगी रंग. पांढरा म्हणजे कागद, तो सोडायचा. पोस्टर कलरवाल्यांना मात्र पांढऱ्याची बाटली लागेलच.

ब्रश गोल ८ नंबर आणि गोल ४ नंबर. शून्य नंबरचा बारीक ब्रश असेल तर तो निदान महिनाभर कपाटात ठेवा, तो हातात आला की चित्र तिथेच बारीकसारीकात अडकतं.

*सावधान:* या टप्प्यावर लोक ३६ रंगांचा सेट ऑर्डर करतात. नवीन सेट आला की आठ दिवस त्याचे चौकोन रंगवण्यात जातात, चित्र एकही होत नाही. आहे त्या डब्यातून सहा निवडा, बाकीच्यांवर झाकण.

टप्पा २: रविवारचं काम

हे आठवड्यातून एकदा, अर्धा तास, चहा घेत घेत करा. सोमवारच्या डब्यासाठी भाजी आदल्या रात्री निवडून ठेवतो तसंच.

ए४ चे दोन कागद कापून आठ तुकडे करा. सात दिवसांचे सात आणि आठवा रंग तपासायला. हा आठवा तुकडा फार कामाचा, रोज चित्राशेजारी ठेवायचा आणि प्रत्येक मिश्रण आधी त्यावर लावून बघायचं, कारण जलरंग वाळल्यावर फिका होतो, ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर हमखास पुचाट दिसतो. (पोस्टर कलरचं थोडं उलटसुलट, फिकट रंग वाळून जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके.)

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत चौकट आखा. चौकट असली की काम तिच्या आत बसवायचंय हे डोळ्याला आपोआप कळतं.

ट्यूबमधले रंग पॅलेटच्या कप्प्यांत वाटाण्याएवढे काढून ठेवा आणि रात्रभर उघडे वाळू द्या. रोज ट्यूबची झाकणं उघडणं-लावणं हे ऐकायला काहीच नाही, पण दमलेल्या दिवशी तेवढंही जड होतं, आणि अर्धी झाकणं चिकटून बसलेली असतात हा अनुभव प्रत्येकाला आहेच.

*सावधान:* सातही तुकडे रविवारीच पुठ्ठ्यावर टेप करून ठेवायचा मोह होईल, करू नका. उन्हाळ्यात टेपचा गोंद कागदात मुरतो आणि काढताना पापुद्रा निघतो. टेप आदल्या रात्री एकाच कागदाला लावायची. मास्किंग टेपच वापरा, सेलोटेप लावली तर कागद फाटणारच.

पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर अगदी नक्की, कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा, आत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. दमट कागदावरचं सायझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) बिघडतं, मग रंग लावला की कुठेतरी ठिपके-ठिपके होऊन शोषला जातो, कितीही चांगला वॉश मारा, तो डाग जात नाही. पॅलेटही ओलं असताना बंद करू नका, दोन दिवसांत रंगांवर बुरशी धरते.

टप्पा ३: विषयाची यादी आधीच, लेखी

विषय त्या दिवशी शोधायचा नाही. रविवारीच सात लिहून फ्रिजवर चिकटवा. वस्तू घरातलीच, समोर ठेवता येईल अशी, आणि एका वेळी एकच. कांदा, लिंबू, लसणीचा गड्डा, ढोबळी मिरची, चहाचा कप, सोललेलं केळं, चावी, जुनी चप्पल, कोकमाची वाटी, अर्धा नारळ, उशीवरचा चष्मा.

पहिल्या महिन्यात काय नको तेही सांगते. स्टीलचा पेला आणि तांब्या नको, त्यात अख्खी खोली दिसते. माणसाचा चेहरा नको, "हुबेहूब आलं नाही" या दुःखात सवय बुडते. मोबाइलमधला फोटो नको, कारण फोटोने सावल्या आधीच सपाट करून दिलेल्या असतात आणि वर स्क्रीन हातात आली की नोटिफिकेशन पण आलंच. आणि पाठ असलेली चित्रं नकोत. गणपती, मोर, डोंगरामधून उगवणारा सूर्य आणि खाली नारळाचं झाड, हे आपल्या सगळ्यांच्या हाताला इतकं पाठ आहे की डोळे मिटूनही येतं, त्यात बघणं होतच नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांनी स्मरणचित्र बाजूला ठेवावं, स्थिरचित्राची आठवण काढावी.

यादी सुचत नसेल तर एकच वस्तू सात दिवस घ्या. लिंबू अख्खं, लिंबू कापलेलं, लिंबाची फोड, लिंबू रंगीत नॅपकिनवर, दिव्याच्या जवळ, लांब, सुकलेलं. खरं तर मला हाच प्रकार जास्त आवडतो, चौथ्या-पाचव्या दिवशी तेच लिंबू एकदम वेगळं दिसायला लागतं.

*तपासणी:* यादीतली प्रत्येक वस्तू आत्ता उठून दोन मिनिटांत आणता येते का? नसेल तर खोडा.

टप्पा ४: जागा, उजेड, वेळ

घरात स्वतंत्र टेबल असेल तर उत्तमच, बहुतेकांकडे नसतं. मग एक मोठा ट्रे घ्या आणि त्यात सगळं कायमचं ठेवा: पॅलेट, दोन ब्रश, पाण्याचे दोन डबे, जुन्या सुती बनियनचा तुकडा, पेन्सिल, खोडरबर, कागदाचा पुठ्ठा. जेवणाच्या टेबलावर ट्रे आणला की सुरू, जेवायची वेळ झाली की ट्रे उचलला. पाण्याचे डबे दोन का, तर एक ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाणी घ्यायला, एकाच गढूळ पाण्यातून पिवळा कधी पिवळा निघत नाही.

उजेडाकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत. वर ट्यूबलाइट, शेजारी खिडकी आणि मागून हॉलचा दिवा, असं असलं की एका कांद्याला तीन सावल्या पडतात आणि कुठली काढायची तेच कळत नाही. एकाच बाजूने उजेड हवा. संध्याकाळी काढत असाल तर ट्यूब बंद करून डावीकडून टेबल लॅम्प लावा (डावखुरे असाल तर उजवीकडून) म्हणजे स्वतःच्या हाताची सावलीही कागदावर येत नाही. लॅम्पचा बल्ब पांढरा असू द्या, पिवळ्या उजेडात पिवळा रंग किती लागला ते दिसतच नाही, सकाळी बघितल्यावर धक्का बसतो.

वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. मुलं शाळेच्या बसमध्ये बसली की, संध्याकाळचा चहा झाला की, रात्रीची भांडी आवरली की. "साडेसातला बसेन" म्हटलं आणि पावणेआठ वाजले की माणूस तो दिवसच सोडून देतो. पण चहा तर रोज होतोच ना, मग चहा झाला की ट्रे.

टप्पा ५: प्रत्यक्ष चित्र, चाळीस मिनिटांत

कांद्याचं उदाहरण घेते, लाल कांदा, एका बाजूने उजेड. बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे रंगांवर पाण्याचा एकेक थेंब टाकणं, म्हणजे स्केच होईपर्यंत ते मऊ होतात.

१. पाच मिनिटं नुसतं मांडा आणि बघा. कांदा बरोबर मधे नको, जरा बाजूला, आणि त्याची पडलेली सावली चौकटीत पूर्ण येऊ दे. डोळे अर्धवट मिटून बघा, बारीक तपशील जातात आणि फक्त तीन गोष्टी उरतात: सगळ्यात उजळ, मधला, सगळ्यात गडद. त्या कुठे आहेत ते मनात पक्कं करा.

२. स्केच पाच मिनिटं. एचबी पेन्सिल, हलका हात. बाहेरची कड, सावलीची कड आणि उजेडाचा चमकता ठिपका जिथे कागद कोरा सोडायचाय तो. सालीवरच्या रेघा आत्ता नकोत. खोडरबर जितकं कमी घासाल तितकं बरं, घासलेल्या जागी रंग वेगळा बसतो.

३. पहिला वॉश. ८ नंबरचा ब्रश, ओकर आणि चिमूटभर क्रिमसन भरपूर पाण्यात, पूर्ण कांद्यावर एकदाच फिरवा, चमकेचा ठिपका सोडून. हा इतका फिका असावा की थोडी भीती वाटेल. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलटं येता येत नाही. लगेच, कागद अजून चकाकतोय तोवर, सावलीच्या बाजूला क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन मिसळून ब्रशच्या टोकाने सोडा आणि हात काढून घ्या. तो आपोआप पसरेल. त्याला पसरू द्या, ढवळू नका.

*सावधान:* इथेच सगळ्यात जास्त चित्रं खराब होतात. कागदाची चकाकी गेलीये पण आत ओल आहे, अशा अर्धवट वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की ते पाणी आधीचा रंग बाहेर ढकलतं आणि कातरलेल्या कडेचा डाग पडतो. कागद एकतर पूर्ण चकाकता असताना काम करा नाहीतर पूर्ण वाळल्यावर. मधल्या वेळेत हात मागे बांधून बसा.

*तपासणी:* वाळलंय का हे बोटाची मागची बाजू हलकेच टेकवून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. घाई असेल तर हेअर ड्रायर फूटभर लांबून फिरवा, पण पाण्याचं तळं साचलेलं असताना नाही, ते तळं उडून भलतीकडे जातं.

४. दुसरा थर. आता क्रिमसन, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन, पाणी कमी. आठव्या तुकड्यावर लावून बघा. कांद्याचा साधारण निम्मा भाग, उजेडापासून लांबचा, याने झाका. याची उजेडाकडची कड ओल्या स्वच्छ ब्रशने मऊ करा, सावलीकडची तशीच कडक राहू दे.

५. पडलेली सावली. अल्ट्रामरीन आणि सिएना, एका दमात, मधे थांबायचं नाही. कांद्याच्या जवळ गडद आणि लांब जाताना फिकी. कांदा जिथे टेबलाला टेकतो तिथे ४ नंबरच्या ब्रशने एक बारीक, जवळजवळ काळी रेघ. ही रेघ नसली की वस्तू हवेत तरंगते, आणि नवीन माणसाच्या दहापैकी आठ चित्रांत हीच नसते असं मला तरी दिसतं.

६. शेवटची पाच मिनिटं रेघा. सालीच्या रेघा कांद्याच्या गोलाईने वळायला हव्यात, देठाकडून मुळाकडे. चार-पाच पुरे. सगळ्या काढल्या की कांद्याचा भोपळा होतो.

बॅकग्राउंडचं काय, असं सगळे विचारतात. सुरुवातीला कोरं ठेवा. नंतर वाटलं तर उजळ बाजूच्या मागे एक मध्यम गडद पट्टा, त्याने उजेड उठून येतो. पूर्ण कागदभर निळं आकाश फासायची काही गरज नाही, कांद्याला आकाश नसतं.

टप्पा ६: गजर वाजला की थांबायचं

चाळीस मिनिटांचा टायमर लावा आणि वाजला की ब्रश खाली. अर्धवट राहिलं तर अर्धवट, ते त्या दिवसाचं चित्र म्हणून धरलं जातं. उद्या पूर्ण करू म्हणून ठेवलेलं चित्र उद्याच्या चित्राची जागा खातं, मग परवा दोन राहतात. "अजून जरा" म्हणत बसणाऱ्यांचे रंग मातकट होतात ते बहुतेक शेवटच्या दहा मिनिटांत, चौथा-पाचवा थर चढवताना.

*तपासणी:* मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. उजळ, मधला, गडद असे तीन टप्पे वेगळे दिसले तर चित्र उभं आहे. सगळं एकच राखाडी दिसलं तर उद्या गडद जास्त गडद करा, आज दुरुस्ती नको.

टप्पा ७: उठायच्या आधी

चित्र पूर्ण वाळल्यावरच टेप काढायची, चित्रापासून बाहेरच्या दिशेला तिरकी ओढत, सावकाश. अडकत असेल तर ड्रायरची थोडी ऊब द्या. टेपखालून रंग आत शिरला असेल तर लावताना आतली कड नखाने दाबली नव्हती.

मागे पेन्सिलीने तारीख, वस्तू, वापरलेले रंग आणि एक ओळ: "सावली फिकी झाली", "केळ्याचा पिवळा छान आला". एवढंच. चित्रं बुटांच्या खोक्यात उभी ठेवा, पोस्टर कलरची असतील तर मधे बटर पेपर, दमट हवेत एकमेकांना चिकटतात. ब्रश धुवून आडवे ठेवा, पाण्याच्या डब्यात डोक्यावर उभे करून झोपायला गेलात तर सकाळी टोक वाकडं. आणि उद्याच्या कागदाला टेप लावूनच उठा, एका मिनिटाचं काम आहे पण उद्याची निम्मी लढाई त्यातच आहे.

टप्पा ८: खाडा पडला तर

पडणारच. ताप, पाहुणे, लग्न, दिवाळीचा फराळ. खाडा भरून काढायचा नाही, हा नियम कडक पाळा. दोन दिवस बुडाले म्हणून रविवारी तीन चित्रं काढणारे पुढच्या आठवड्यात हमखास गायब होतात. त्या तारखेचा कागद कोरा खोक्यात टाका आणि पुढे चला.

पण खाड्याच्या आधी छोटी पळवाट वापरून बघा. पाच मिनिटं, एकच रंग, म्हणजे नुसता बर्न्ट सिएना, अर्ध्या कागदावर, कुठलीही वस्तू तीन छटांत. रेखाटनाशिवाय थेट ब्रशने. प्रवासात असाल तर पेन आणि छोटी वही, स्टेशनवर गाडीची वाट बघताना समोरची बॅग. हे सुद्धा त्या दिवसाचं चित्रच.

टप्पा ९: महिन्याने जमिनीवर मांडा

महिनाभर मागची चित्रं बघत बसू नका. महिना झाला की सगळी तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा, पंखा बंद करून. कुठलं चांगलं ते शोधू नका, परत परत काय होतंय ते शोधा. सगळ्या वस्तू मधोमध आहेत का? सगळ्या सारख्याच छोट्या आहेत का, कडेला चिकटलेली एकही नाही? कुठेच खरा गडद नाही का? हिरवा प्रत्येक वेळी तोच का? मागच्या ओळी पण वाचा, तीच तक्रार चार-पाच वेळा लिहिलेली सापडते.

त्यातली एकच गोष्ट पुढच्या महिन्यासाठी निवडा. एकदम तीन सुधारायला गेलात की चित्र काढताना डोक्यात नियमांची गर्दी होते. गडद कमी असेल तर पुढचा महिनाभर फक्त गडद. कागद, रंग, ब्रश, वेळ सगळं तेच ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. स्टीलचा पेला तिसऱ्या महिन्यात यादीत घेतला तरी चालेल.

ऑनलाइन टाकायची असतील तर महिन्याची एकदम टाका. रोज टाकलं की रोज लाइक मोजले जातात आणि मग कांद्याऐवजी परत मोर सुरू होतो. फोटो दिवसा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, मोबाइल चित्राला समांतर धरून. आणि एखादं आवडलं म्हणून फ्रेम करून लावणार असाल तर उन्हाच्या भिंतीवर नको, क्रिमसन लेकसारखे रंग उन्हाने हळूहळू उडतात, वर्षभराने बघाल तर कांदा बटाट्याच्या रंगाचा झालेला असेल.